लुपेताईचं कापड आणि माझं पोट

ऑकलंड, मंगळवार

आदरणीय लुपेताईस,

धाकट्या लाफाएलेचा कुशीवर पडल्या पडल्या नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण पालथं पडण्याचा माझा कोटा गेल्या आठवड्यात संपला.) तुझा गुडघा, भाओजींचा दमा आणि व्यालेली डुकरीण, सगळे बरे असतील अशी आशा आहे. फोनवर तू "सगळं नीट झालं ना?" विचारलंस आणि मी "हो" म्हणालो. ते खरंच आहे, पण फार थोडक्यात आहे.

झालं असं, की भूल देणाऱ्या मॅक्रेबाईंनी मणक्याच्या ऑपरेशनच्या आधी मला जागेपणीच एकदा टेबलावर पालथं घालून बघायचं ठरवलं. (माझ्या आकाराचा माणूस झोपवल्यावर मग तो मावत नाही असं कळणं त्यांना परवडलं नसतं.) छातीखाली एक उशी, कमरेच्या हाडांखाली दोन आणि मधे पोटासाठी नुसती पोकळी. बाई म्हणाल्या, पालथं पडून पोट दाबलं गेलं की आतली मोठी शीर दबते, रक्त वाट बदलून मणक्याभोवतीच्या शिरांत तुंबतं, आणि मग पाठ उघडली की इतकं वाहतं की सर्जनला काही दिसतच नाही. म्हणून पोट अगदी मोकळं लोंबू दे. ताई, लहानपणापासून तू, पाद्रीबाबा आणि लग्नानंतर आमची सेफिना, सगळे मला पोट आत घे म्हणत आलात. बाहेर सोड म्हणणारी ही पहिलीच बाई. मी सोडलं. ते पोकळीतून खाली गेलं आणि टेबलाला टेकलं. बाईंनी वाकून टॉर्च मारून पाहिलं आणि अजिबात न हसता दुसरं, बिनतळाचं टेबल मागवलं.

इथवर ठीक होतं. पण तू तिकडून, सवाई बेटावरून पाठवलेलं ते कापड! पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटलेलं, आणि वर "कमरेचं क्षणभरही सोडायचं नाही" हा तुझा हुकूम. ऑपरेशनच्या दिवशी सेफिनाने ते माझ्या पोटाला करकचून आवळलं आणि वरून दवाखान्याचा झगा घातला. भुलीच्या खोलीत मेले नावाच्या, टोंगा बेटांवरच्या नर्सने झगा वर केला.

"हे काय?"

"ताईचं आहे. सोडता येणार नाही."

"मग ताईलाच झोपव टेबलावर."

मी म्हटलं, माझी ताई तुला माहीत नाही. त्यावर तिने झगा खाली सोडला. म्हणाली, "मलाही धाकटा भाऊ आहे. माझा शब्द तो मोडत नाही. पण माझ्या शब्दापायी तो रक्तबंबाळ झालेला मला चालला नसता."

ताई, खरं सांगतो, डावा पाय बधिर झाल्यापासून मी इतका कधी घाबरलो नव्हतो. त्या खोलीत तुझ्या कापडाशिवाय ओळखीचं काहीच नव्हतं. तरी "सोड" म्हणालो. गाठ सुटेना (सेफिनाची होती). शेवटी कात्री आणली. दोन तुकडे झाले. त्यातला एक मॅक्रेबाईंनी भूल चढेपर्यंत माझ्या मुठीत राहू दिला.

रक्त फारसं गेलं नाही म्हणे. काल मी संडासापर्यंत स्वतःच्या पायांनी गेलो.

भाओजींना आणि पाद्रीबाबांना नमस्कार. (पाद्रीबाबांना फक्त नमस्कारच सांग.)

तुझा आज्ञाधारक,
लाफाएले

ता. क. शुक्रवारच्या विमानाने येऊ नकोस. हे पत्र मुळात त्यासाठीच लिहिलं. कापडाचं तुला समोर बसून सांगायची माझी छाती नाही. महिनाभर थांब, तोवर मला पळता येईल.

आणखी ता. क. सेफिनाने पत्र वाचलं. तुझं तिकीट तिनेच काढलंय हे मला आत्ता कळलं. म्हणे, ऑपरेशनच्या रात्री मी झोपेत तुला हाका मारत होतो, आणि तिने किती वेळा "ओ" द्यायची. तेव्हा ये. विमानतळावर खुर्चीत बसलेला असेन. मला वाकायची बंदी आहे, तूच जवळ ये.