प्रणिता मॅडमचा लाल कोपरा

४ डिसेंबर १९९८
प्रणिता मॅडमबद्दल मला अजिबात असूया नाही. एकदा लिहून ठेवतो, म्हणजे रोज आठवायला नको.

पुण्याच्या परिषदेला आमच्या कॉलेजातून एकच जण जाणार. मी इथे पंधरा वर्षं आहे, ती जूनमध्ये आली. विषय माझा: चुलीच्या उष्णतेवर चालणारं जनित्र. चौकोनी चकतीची एक बाजू तापवायची, दुसरी गार ठेवायची, की वीज मिळते. तापून-निवून चकती किती टिकेल, हे ती कॉम्प्युटरवर काढते. आज स्क्रीनवर चकतीचा कोपरा लालभडक. म्हणाली, "सर, इथे ताण जास्त. इथूनच तडकेल." अख्खा स्टाफ बघायला. माझा चहा गार.

संकल्प: पहाटे उठून सिम्युलेशन शिकणे.

५ डिसेंबर
थंडी फार.

११ डिसेंबर
जमलं! माझी चकती संपूर्ण निळी. ताण शून्य! तिला लाल येतं, मला येत नाही. जास्त बोलणार नाही.

चकती दोन पाट्यांमध्ये दाबून धरणारे चार बोल्ट चित्रात घेतले नाहीत. वेळ फार लागतो, तेवढ्यात लाईट जाते. शिवाय बोल्ट मी स्वतः आवळणार. त्यांचा हिशेब यंत्राला कशाला?

सिव्हिलचा सुग्रीव म्हणाला, "ताण शून्य? चकती रिटायर झाली का काय, सर?" जळतो.

१४ डिसेंबर
प्राचार्यांचा निर्णय: माझं आणि मॅडमचं, दोन्ही जनित्रं चुलीवर ठेवायची, प्रत्येकावर एक रेडिओ लावायचा. ज्याचं टिकेल, तो पुण्याला. बायकोला, ईश्वरीला, माझा सूट धोब्याकडे द्यायला सांगितला.

मॅडमनी बोल्टखाली स्प्रिंगा घातल्यात. तापल्यावर पाट्यांना फुगायला जागा हवी म्हणे. डळमळीत विचार. मला म्हणाली, "सर, जरा सैल ठेवा." घाबरली! मी आणखी एक आटा दिला.

१६ डिसेंबर
जेवताना ईश्वरीला सगळं समजावलं. ती म्हणाली, "चुलीपेक्षा तुमीच लई तापायलाव. कावून जळताव त्या पोरीवर? ती चकती तुमालाच लावा, रेडिओ वाजंल."
तिला विषयात रस निर्माण होतोय.

२१ डिसेंबर
चाचणी सुरू. दोघांचेही रेडिओ वाजले. माझा जास्त मोठ्याने.

२३ डिसेंबर
दुपारी 'टक्' झालं. माझा रेडिओ बंद. बॅटरीचा दोष असणार.

जनित्राला बॅटरी नसते, हे सुग्रीवने सगळ्यांसमोर सांगायची गरज नव्हती.

उघडलं. चकती कोपऱ्यात तडकलेली. तिच्या चित्रातल्याच कोपऱ्यात. योगायोग. मॅडमचा चेहरा मात्र उजळला! म्हणाली, "सर, हा तुकडा मला द्याल?" माणसाने इतकं दुष्ट असू नये.

२ जानेवारी १९९९
दुष्टपणा नव्हता. चित्र खरं ठरवायला तिला खरोखर फुटलेली चकती हवी होती. तिची काही केल्या फुटेना. पेपरच्या शेवटी आभारात माझं नाव घातलंय. तिने ते वाचून दाखवलं. मी फक्त स्पेलिंग तपासलं.

९ जानेवारी
सकाळी बीड स्टँडवर गेलो. तसा तिकडे कामच होतं. पुण्याच्या गाडीला गर्दी. तडकलेली चकती कापसात गुंडाळून डबीत नेली होती. खिडकीतून मॅडमच्या हातात दिली. तिने ती मांडीवर धरली.

घरी ईश्वरीने दारातच विचारलं, "गेली का?"
म्हटलं, "गेली. खिडकीची जागा मिळाली."
कुणाला, ते सांगितलं नाही.