पत्र्यावरचं दुसरं अक्षर

मी, माणिकप्पा गुरुपादप्पा हालकुडे, वय अडुसष्ट, धंदा पाट्या रंगवणे, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मर्जीने हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदयाचा भरवसा नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे. डोके मात्र जागेवर आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, पुढच्या अंगणासह, माझी एकुलती एक मुलगी पार्वती नरसिंग सोनकांबळे, राहणार धर्माबाद, जिल्हा नांदेड, हिला द्यावे. हे घर माझ्या ब्रशावर उभे राहिले. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा नवा झाला आणि आमचा तालुका उस्मानाबादेतून त्यात आला. शाळा, दवाखाने, कचेऱ्या, सगळ्या पाट्यांवर जिल्ह्याचे नाव बदलायचे होते. तीन महिने मी शिडीवरून उतरलो नाही. खाली उभी राहून माझी बायको जगदेवी रंग कालवून द्यायची.

पार्वतीला आम्ही पारू म्हणायचो. तिने २००८ साली नरसिंग यांच्याशी लग्न केले. ते बौद्ध, आम्ही लिंगायत. माणूस लाइनमन, सरळ, निर्व्यसनी. त्यांच्यात खोट नव्हती, माझ्यात होती. समाजात मान खाली जाईल म्हणून मी पारूला सांगितले, "या घराला आता मुलगी न्हाई." जगदेवी माझ्यासमोर तिचे नाव घेत नसे. माझ्यामागे फोन करत असे, हे मला ठाऊक होते.

२. माझे सगळे ब्रश व रंगाचे डबे नायगावच्या चित्रकलेच्या मास्तरांना द्यावेत. चौकातल्या फ्लेक्सवाल्याने मागितले तरी देऊ नयेत. त्याच्या मशीनने आमचा धंदा बसवला आणि वर त्याला ऱ्हस्व-दीर्घही कळत नाही.

३. जगदेवीची दगडी पाटी आणि अक्षरांचा पत्रा. याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

२०१३ साली जगदेवीची जीभ जड झाली. नांदेडच्या डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला, वाढत जाणारा. बोलणे गेले तेव्हा ती पाटीवर लिहायची. वर्षभरात पेन्सिल धरवेना. मग मी पत्र्यावर अक्षरे रंगवली. हौसेने सावली देऊन, वळणदार काढली. तिने मान हलवली. तिला ती वाचता येत नव्हती. सगळी पुसून पांढऱ्यावर काळी, ठसठशीत, साधी काढली. क ख ग घ ओळीने, बाजूला काना, मात्रा, वेलांटी, उकार. ती बोट ठेवायची. पुढे बोटही उचलेना. मग मी अक्षरांवरून बोट फिरवायचे आणि हवे ते अक्षर आले की तिने डोळे मिटायचे. एका वाक्याला अर्धा तास लागायचा. तेवढ्यातही ती मला रागवायची. एकदा पाऊण तास घालून तिने मला "दाढी करा" एवढेच सांगितले.

२०१६ साल सगळ्यांना आठवत असेल. लातूरला पाणी रेल्वेने आले. आमच्या गल्लीत टँकर आठवड्याने यायचा. त्याच वर्षी फेब्रुवारीत जगदेवी एकच अक्षर पुन्हा पुन्हा दाखवू लागली. 'प'वर डोळे मिटायची, मग 'काना'वर. मी म्हणायचो, "पाणी ना?" आणि चमच्याने पाजायचो. तिला ठसका लागायचा. सावरली की पुन्हा 'पा'.

तिचे करायला कोंडाबाई यायची. चौथी शिकलेली. तिला अंदाज बांधता येत नसे, म्हणून ती प्रत्येक अक्षर शेवटपर्यंत घ्यायची आणि वहीत लिहायची. एके दिवशी मी टँकरवरून आलो तर ती म्हणाली, "अप्पा, बाई पाणी न्हाई म्हणून राहिल्या. 'पारूला बोलवा' म्हणतात."

मी म्हणालो, "तुला वाचता येतं का नीट? पाणीच म्हणली आसंल."

मला समजले नव्हते असे नाही. इथून पुढचे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. त्या दिवसानंतर मी 'पा' आले की बोट उचलायचो. दुसऱ्या अक्षरावर नेलेच नाही. उठून पाणी आणायचो. ती माझ्याकडे बघत प्यायची. असे तीन महिने. नऊ मे रोजी ती गेली.

तो पत्रा व पाटी नायगावच्या त्याच मास्तरांना द्यावी. त्यांच्या भावाला हाच आजार आहे. अट एकच, समोरच्याचा शब्द आपण पुरा करू नये. अंदाज आला तरी थांबावे.

४. बँकेत उरेल ते कोंडाबाईला. तिची वही पार्वतीला.

५. मी जगदेवीच्या मातीलाही पारूला कळवले नाही. पाचव्या दिवशी ती कोणाकडून तरी ऐकून आली. अंगणातच उभी राहिली. तिने एवढेच विचारले, "अप्पा, आईनं माझं नाव घेतलं होतं का?"

मी म्हणालो, "तिला बोलता येत नव्हतं."

ती पाणीही न पिता पुढच्या एसटीने गेली.

इथवरचा मजकूर वाचून साक्षीदार शेषेराव म्हणाले, "अप्पा, एकुलती एक लेक, घर कायद्यानंही तिलाच जातंय. हे सगळं कशाला लिहायलाव?" मी म्हणालो, "घरासाठी लिहीतच न्हाई."

पारू, घेतले होते. रोज घेतले. वहीत तारखा आहेत.

हा कागद मी मेल्यावर तुझ्या हाती आला तर जाब द्यायला मी नसेन. तेवढी सुटका मला नको. म्हणून याची नक्कल उद्याच रजिस्टर पोस्टाने धर्माबादला पाठवत आहे. आलीस तर जे बोलायचे ते बोल. तुझे पुरे होईपर्यंत मी मधे एक शब्द बोलणार नाही.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली व त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: माणिकप्पा गुरुपादप्पा हालकुडे

साक्षीदार:
१. शेषेराव ग्यानोबा मुसळे, निवृत्त ग्रामसेवक
२. हणमंतराव शंकरप्पा बिराजदार, किराणा दुकानदार

(कोंडाबाईला यात हिस्सा असल्याने तिची सही घेता आली नाही. पाहिले मात्र सगळे तिनेच.)

ठिकाण: अहमदपूर
दिनांक: १७ जानेवारी २०१७