खर्ऱ्याचा वास

अकोला, मंगळवार, संध्याकाळी साडेसात

मी "हाच" का म्हटलं?

महिन्यापूर्वी जठारपेठेतल्या वळणावर चोराने माझं मंगळसूत्र ओढलं, तेव्हा मानेजवळ खर्ऱ्याचा तो ओला, तंबाखू-सुपारीचा वास आला होता. आज त्याच वळणावर लोकांनी चोर समजून एकाला धरून ठेवलं होतं. "ताई, हाच होता काय?" मी जवळ गेले. तोच वास. तोंडातून निघून गेलं, "हाच."

मग लोकांनी त्याला मारलं. तो माझ्याकडेच पाहत होता. "ताई, मी दर्यापूरचा आहो, आताच बसमधून उतरलो. मले काहून मारून राहिले?" पोलिसांनी त्याला नेलं तेव्हा, खरं लिहिते, मला बरं वाटलं.

आत्ता हे घरी आले. खुर्चीमागून वाकून म्हणाले, "काय लिहून राहिली वो?" तोच वास. मी किंचाळलेच. या गावात खर्रा कोण खात नाही? यांनाही मी "हाच" म्हटलं असतं?

उद्या सकाळी ठाण्यात जबाब द्यायचा आहे. चोर मागून आला होता. त्याचं तोंड मी पाहिलंच नाही.