डब्यातले रविवार

३ नोव्हेंबर, सोमवार
माळ्यावरून डबा काढला. पुतण्याने, नितीनने, बारा वर्षांपूर्वी बसवून दिला होता. काळा, आत दोन डिस्क, फोटो-फाइली साठवायचा. ‘काका, घरातलं सगळं यात ठेवा. कॉम्प्युटर गेला तरी हे राहील.’ कॉम्प्युटर गेलाच. डबा राहिला, पण उघडत नाही. नवा लॅपटॉप त्याला ओळखच दाखवत नाही. बायकोला, सुनंदाला, सांगितलं, मनूच्या लग्नाचे फोटो काढायचेत. थाप. लेकीच्या लग्नाचे फोटो अल्बमात आहेत हे तिला चांगलं ठाऊक.

४ नोव्हेंबर, मंगळवार
निदान इथे तरी खरं लिहावं. परवा दाढी करताना लक्षात आलं, सु.चा आवाज मला आठवत नाही. काय बोलायची ते आठवतं, ‘ओला टॉवेल पलंगावर टाकू नका’ इथपर्यंत. पण ते माझ्याच आवाजात ऐकू येतं.
तिचं स्वरयंत्र काढलं त्याला चौदा महिने झाले. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला ते बघा. बघतोच आहे. गळ्याला लावून बोलायचं मशीन आणलं होतं. तिने एकदाच लावलं, स्वतःचंच ऐकलं आणि कपाटात टाकलं. आता ती लिहून सांगते, बटण दाबून पुसायच्या पाटीवर. आणि मला बोलवायचं असेल तर स्टीलच्या वाटीवर चमचा.

६ नोव्हेंबर, गुरुवार
घर पालथं घातलं. मोबाइलमध्ये नुसते फोटो, तिचा एक व्हिडिओ नाही. कायम फोन धरणारी तीच, मग ती येणार कुठून? मनूच्या लग्नाच्या व्हिडिओवर शूटिंगवाल्या शहाण्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी चढवलीत. सु. विहिणीशी चांगली पाच मिनिटं बोलतेय, वर सनई.
उरला डबा. मनू हॉस्टेलला होती तेव्हा सु. दर रविवारी कॉम्प्युटरपुढे बसून तिच्यासाठी बोलून ठेवायची. घरातलं, शेजारचं, काय शिजवलं ते. नितीन पाठवून द्यायचा. ‘रविवार’ नावाचं फोल्डर. मनूकडचं सगळं फोन बदलण्यात गेलं.

१० नोव्हेंबर, सोमवार
डबा कापडी पिशवीत घालून पेणला. अन्वरभाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान गणपतीच्या कारखान्याला लागून. बाहेर फळ्यांवर बिनरंगाच्या मूर्ती वाळत होत्या. अ.भाई अठरा वर्षं कुवेतला हेच काम करून आलेले. डबा उलटासुलटा करून म्हणाले, “काका, हा लई म्हातारा हाय. नवा लॅपटॉप याच्याशी बोलायला भितो.” कुठलंसं जुनं सेटिंग चालू केलं आणि दिसला एकदाचा. आता पासवर्ड मागतो.
बाकी बातम्या वाईट. एक डिस्क आधीच मेलेली, दुसरी टकटक करते. मागची कळ दाबून डबा उघडता येईल, पण ‘रविवार’ला नितीनने वेगळं कुलूप घातलंय. तिथे सु.चाच पासवर्ड लागणार.
घरी येऊन विचारलं. लगेच लिहिलं, ‘आईचं नाव. पार्वतीबाई.’ हात्तिच्या! एवढंच होतं तर.

११ नोव्हेंबर, मंगळवार
एवढंच नव्हतं. व्ही घालून टाकलं, डब्ल्यू घालून टाकलं. पहिलं अक्षर मोठं. सगळी मोठी. ‘बाई’ तोडून. पाच चुकले की डबा दिवसभर दार लावून घेतो.

१६ नोव्हेंबर, रविवार
रोज पाच. आजवर तीस. वहीत लिहून ठेवतोय, एकच चूक दोनदा व्हायला नको. नितीनला कॅनडात मेसेज टाकला. उत्तर आलं, ‘पासवर्ड काकूंनीच टाकला होता, मी मान फिरवली होती.’ किती संस्कारी. कपाळ माझं.
सु.ला परत विचारलं, नक्की हेच का? तेच नाव लिहून खाली दोन रेघा मारल्या. मी चिडलो. म्हटलं, तुझ्या आजोबांनी लेकीचं नाव जरा सोपं ठेवायचं होतं. हसली. खांदे हलले फक्त. हसण्याचा आवाजही गेला, हे इतक्या महिन्यांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग बाहेर पुलापर्यंत चालून आलो. पलीकडे अष्टमी गावात गेलो नाही, मधूनच फिरलो.

१९ नोव्हेंबर, बुधवार
टकटक वाढली. अ.भाईंना फोन. त्यांनी एकच विचारलं, तेव्हा पासवर्ड टाकला कोणी होता, तुम्ही का काकूंनी? म्हटलं, काकूंनी. “मग काकूंना आणा ना इकडे. तुम्ही कशाला बडवताय?”
सोळा दिवसांत मला हे सुचलं नाही. तिला विचारलं, तिच्यावर चिडलो, पण तूच बस असं म्हणालो नाही. कंपनीत तीस वर्षं व्हॉल्व्ह सांभाळले, अक्कल बहुतेक तिथेच लॉकरमध्ये राहिली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सु.ला घेऊन पेणला. गळ्याभोवती ओढणी. बावीस वर्षं याच गाडीने कचेरीत टायपिस्ट म्हणून गेली ती. कासू स्टेशनला ओळखीची बाई चढली, समोर बसली, पेणपर्यंत बोलत होती. सुनेचं, गुडघ्याचं. सु. मान हलवत होती, डोळ्यांनी हं हं करत होती. उतरताना ती बाई म्हणाली, बरं वाटलं गो बोलून. तिला शेवटपर्यंत कळलंच नाही.
दुकानात अ.भाईंनी खुर्ची पुढे केली. सु.ने कीबोर्ड जरा सरळ केला, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दहाही बोटं चालली. उघडलं!
मी विचारलं, काय टाकलंस? वेड्याकडे बघावं तसं बघितलं आणि पाटीवर लिहिलं, ‘पार्वतीबाई. मराठीत.’
कळांवर इंग्रजी अक्षरं होती, पण तिची बोटं मराठी टाइपरायटरवरच्या जागांवर गेली. तिथे प, तिथे काना, तिथे रफार. डब्याला त्यातून भलतीच इंग्रजी अक्षरं, चिन्हं मिळाली, तोच पासवर्ड. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. नाव टाइप केलं, झालं. आणि मी व्ही की डब्ल्यू करत बसलो. अ.भाई पोट धरून हसले. मीही.
‘रविवार’मध्ये एकसष्ट फाइली. डोळ्यांनी पाहिल्या, तारखांसकट. कॉपी लावली. एक आली. दुसरीवर अडकली. टकटक, मग घरघर, मग काहीच नाही. अ.भाईंनी बंद करून चालू केला. दिवा लागला नाही. तासभर बसलो. सु.ने माझ्या बाहीला धरून उठवलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
आलेली फाइल अकरा सेकंदांची. सर्वांत पहिली, चाचणी घेतलेली.
“अहो, हे सुरू झालंय का? लाल दिवा लागलाय. अहो... बघा ना जरा.” मग खुर्ची सरकल्याचा आवाज. संपलं.
हाच. असाच होता. ‘जरा’वर थोडा वर जायचा. स्वयंपाकघरात सु. असताना मी गॅलरीत रडलो.

२४ नोव्हेंबर, सोमवार
अ.भाईंचा फोन. मुंबईत एक जण डिस्क उघडून बघतो. एकदा उघडली की एकतर येईल, नाहीतर कायमची गेली. आली तरी कुलूप आहेच, काकूंची बोटं पुन्हा लागतील. शक्यता किती, विचारलं. म्हणाले, “काका, मी तुम्हाला खोटं नाय सांगणार.” आकडा सांगितला नाही. विचार करून कळवतो म्हटलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
इअरफोन लावून ऐकतो. सकाळी, दुपारी, फिरायला जाताना. किती वेळा ते लिहीत नाही, लाज वाटते. सु.ला ऐकवली नाही. का नाही, ते मलाही नीट सांगता येत नाही. तिच्यासमोर तिचंच चोरल्यासारखं वाटतं.

३० नोव्हेंबर, रविवार
दुपारी गॅलरीत ऐकत होतो. आत गेलो तर सु. बेसिनला धरून उभी. गळ्यातल्या नळीत कफ अडकला होता. डोळे लाल, चेहरा घामाने भिजलेला, ओढणी खाली. नळी तिनेच काढून साफ केली, एका हाताने. वाटी जमिनीवर, चमचा दारापर्यंत उडालेला.
तिला बसवलं, पाठ चोळली. श्वास स्थिरावला तेव्हा पाटी मागितली. ‘तीनदा वाजवलं.’
इअरफोन गळ्यात लोंबत होता. मग सगळं सांगितलं. फोटोंची थाप, आवाज विसरलो ते, फाइल. म्हटलं, तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. तिने हात पुढे केला. इअरफोन कानात घातला, मी फाइल लावली. अकरा सेकंद ती खिडकीबाहेर बघत होती. चेहऱ्यावर काही नाही. इअरफोन काढून माझ्या हातात ठेवला.
लिहिलं, ‘तेव्हाही आला नव्हतात.’

२ डिसेंबर, मंगळवार
खरंय. फाइलमध्ये मी कुठेच नाही. दोनदा अहो, आणि माझं उत्तर नाही. शंभरदा ऐकूनही मला ते ऐकू आलं नव्हतं. टीव्हीसमोर असणार, नाहीतर सेकंड शिफ्टहून येऊन लोळत पडलेलो. शेवटी तीच उठली, म्हणून खुर्चीचा आवाज.

५ डिसेंबर, शुक्रवार
अ.भाईंचा पुन्हा फोन. मुंबईचा माणूस सोमवारी पेणला येतोय, डिस्क देऊ का? पाटी घेऊन सु.च्या शेजारी बसलो. म्हटलं, साठ रविवार आहेत त्यात. तुझी बोटं लागतील. तू म्हणशील तसं.
तिने पेन टेकवलं. ‘ते आले’ एवढं लिहिलं. थांबली. पुढे ‘की मला कोण’ लिहिलं. मग बटण दाबून पुसलं आणि वाल सोलायला घेतले.
मीही बसलो सोलायला. अ.भाईंना काही कळवलं नाही. फोन आत चार्जिंगला आहे. वाटी दोघांच्या मध्ये ठेवली आहे.