तिसऱ्या कडव्याचा पहिला शब्द

मनोरी,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय रामनाथ,

चर्चमधल्या मिस्सेहून आल्यापासून कानात टक् टक् टक् चाललंय. शाळेला जाताना मार्वेच्या होडीत फळीवर मी बोटानं वाजवायचो ना, ते. तुझ्या डावीकडे मी, मांडीवर दप्तरं, आणि कवितेच्या तिसऱ्या कडव्यापाशी तू अडलेला. मी तीनदा वाजवायचो, तू वळून बघायचास, मी नुसते ओठ हलवायचो. की तू सुटलास पुढे, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो. माझ्या नातीला, शॅरनला, अंधेरीत नोकरी लागली. बोंबील झकास वाळलेत, पण तुमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमध्ये वासावरून भांडणं होतील, म्हणून पाठवत नाही.

तुझा फोन आठ दिवस बंद आहे. म्हणून पत्र.

तुझ्या नातीनं, पूर्वीनं, तू म्हटलेल्या कविता मोबाइलवर टाकायला सुरुवात केली, तेव्हा मला फार आनंद झाला असं मी गावभर सांगितलं. तसं काही झालं नव्हतं. दोन लाख माणसं, रामनाथ! आपल्या वर्गात पस्तीस होती आणि त्यांच्यापुढे पहिला नंबर माझा होता. खंडू मास्तरांनी ती दर्याची कविता स्वतः रचली, तेव्हा वही माझ्या हातात दिली, तुझ्या नाही. आवाज तुझा गोड, पण पाठांतर माझं. आणि आता दुबईहून कोण बाई तुला लिहिते, 'आजोबा, रडवलंत.' मी जेवता जेवता बघायचो, सकाळपासून तुझ्या कवितेखालचे लाल बदाम किती वाढले. घास थंड व्हायचा.

शॅरन म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण म्हणा ना, मी टाकते."

म्हटली. नवा सदरा घालून म्हटली. एकोणीस जणांनी बघितली. त्यात सात वेळा मीच.

मग माणसं बघतात तरी काय, ते बघायला लागलो. कुठल्या तरी गावात पाणी शिरलंय, बाई छपरावर बसून रडतेय. तिच्यापाठोपाठ लगेच भोपळा सोलायच्या यंत्राची जाहिरात. मग कुणाची मयत, मग तू, मग पुन्हा भोपळा. अंगठा एकच, सगळ्यांना सारखाच वर ढकलणारा. कविता ऐकून आपण गप्प व्हायचो, आठवतं? होडी धक्क्याला लागेस्तोवर कुणी बोलायचं नाही. आता गप्प राहायला कुणाला फुरसत आहे?

आणि गेल्या रविवारी तू लाईव्ह आलास. तीच कविता. तिसरं कडवं आलं आणि तू अडलास. एकदम कोरा. मग तू डावीकडे बघितलंस. नात तुझ्या उजवीकडे होती, डावीकडे नुसती भिंत. तू कुणाला शोधत होतास ते त्या दोन लाखांत एकट्या मला कळलं.

खाली लोकांनी काय लिहावं? 'आजोबा हँग झाले.' 'स्विच ऑफ करून बघा.' पूर्वीनं ते तेव्हाच काढून टाकलं, पण तोवर कुणीतरी रेकॉर्ड करून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला ढोलकी लावून ते सगळीकडे. घाटकोपरच्या माझ्या भाच्याला, लॉईडलासुद्धा आलं. मी त्याला म्हटलं, "माणुसकी उरली नाही रे." तो म्हणाला, "मामा, ते तुमच्याच गावच्या ग्रुपवरून सुटलंय ना!"

वर 'कुणीतरी' लिहिलंय. ते खोडतो. मी.

मोबाइलवरचं रेकॉर्ड करून जपून ठेवायला शॅरननं शिकवलं होतं, चर्चमधली गाणी ठेवावीत म्हणून. तुला अडलेलं बघून बोट आपोआप गेलं. नाही, आपोआप नाही. चष्मा लावला, बटण शोधलं, मग दाबलं, आणि गावच्या ग्रुपवर टाकलं. तू त्या ग्रुपवर नाहीस, हेही ठाऊक होतं. खाली लिहिलं, 'आपला रामनाथ अजून तिथंच अडतो.' बेचाळीस हसरी तोंडं आली. खूश झालो होतो रे मी. संध्याकाळपर्यंत तरी.

त्या लोकांना तू कोण? एक म्हातारा. मला तर ठाऊक होतं. तू वळून बघितलंस आणि मी वाजवलं नाही.

थांब, दारात कुणी आलंय.

पूर्वी आहे. एकटीच. मला वाटलं, भांडायलाच आली. तर म्हणते, "आजोबा धक्क्यावर बसलेत. आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत, आज म्हणाले, मनोरीला चल. आता पुढे येत नाहीत. म्हणाले, 'बॅप्टिस्टला तिसऱ्या कडव्याचा पहिला शब्द विचारून ये.' मला तर काय कळतच नाही. आणि ते रेकॉर्ड कोणी केलं ना, मला सापडू दे, वाट लावते त्याची!"

ती ओट्यावर पाणी पितेय. मी हे पुरं करतोय.

नुसता शब्द दिला, तर तू हसत येशील, बोंबील खाशील, आणि तुला कधीच कळणार नाही. म्हणून तिच्या हाती हे पत्र देतोय. शब्द शेवटी लिहिलाय. आधी हे वाच. नंतर उलट्या पावली होडीत बसलास तरी मी हाक मारणार नाही. दार मात्र उघडं ठेवतोय, आणि दाराच्या फळीवर वाजवत बसतोय.

तुझ्या डावीकडचा,
बॅप्टिस्ट

शब्द : होड्या.