आतल्या खिशाचा ब्लाऊज

प्रिय आई,

तुझ्याशी भांडायचंय, म्हणून लिहितेय. समोर असतीस तर पहिल्याच वाक्याला "गप ए" म्हणून मला उठवलं असतंस. आता ऐकून घे. तू घातलेली शपथ मी मोडणार आहे. आज सकाळी मोबाईलवर एक ऑर्डर आली आणि तेव्हापासून मी मशीनसमोर नुसती बसून आहे.

ऑर्डर कसली, ते आधी सांगते. ऑपरेशननंतर तू स्वतःसाठी एक ब्लाऊज शिवला होतास, आठवतो? डाव्या बाजूला आतून खिसा आणि खिशात बारीक कापडाची गोल उशी. आधी तू तिच्यात कापूस भरलास. पण कापसाला वजन कुठलं! ब्लाऊज त्या बाजूनं वर चढायचा. मग मोहरी भरून बघितलीस. आरशासमोर वाकलीस, हात वर केलास, वळलीस आणि म्हणालीस, "बघ की! कुणाच्या बापाला कळणार न्हाय!" किती खूश होतीस त्या दिवशी!

वैशाखी पौर्णिमेला पांढरी साडी नेसून ताठ मानेनं विहारात गेलीस. घरी आल्या आल्या मला समोर बसवलंस. "वैशे, माझं काय कापलंय ते ह्या घराबाहेर गेलं, तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी कुणाला एका शब्दानं सांगितलं नाही, आई. तरी तुझं मेलेलं तोंड बघायची वेळ आलीच ना?

तू गेल्यावर शिलाईत मन लागेना. एक दिवस हाताला तुझ्या त्या ब्लाऊजचं कागदी कटिंग लागलं आणि मी तसाच एक ब्लाऊज शिवला. चेहरा न दाखवता, नुसत्या हातांचा व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकला. तुझं नाव कुठंही घेतलं नाही, तिथल्या दुकानाचं नावसुद्धा भलतंच ठेवलं.

गल्लीत पाटी लावून असले ब्लाऊज विकायला बसले असते तर माश्या मारत बसले असते. एका पेठेत अशा बायका असून असून किती? आणि असल्या तरी दुकानाची पायरी चढणार कोण? मोबाईलला मात्र गाव नाही आणि पायरीही नाही. पहिली ऑर्डर लातूरची आली. मग बेळगावची, मग नागपूरच्या एका शाळेतल्या बाईंची. शाहूवाडीच्या डोंगरातली एक भात लावणारी बाई आहे. तिला दिवसभर वाकलं तरी उशी बाहेर पडणार नाही असा खिसा हवा होता. तिच्यासाठी मी खिशाला दोन बंद लावून दिले. प्रत्येक गावात एखादीच असते गं, पण सगळ्या मिळून माझं मशीन थांबू देत नाहीत. हल्ली दुसरं काही शिवायला सवडच होत नाही.

तुला वाटायचं, ह्या जगात अशी तू एकटीच!

फोन यांच्यापैकी कुणी करत नाही, सगळं लिहूनच कळवतात. पाकिटावर काही लिहू नका, हे प्रत्येकीचं ठरलेलं. कधी एखादीची दुसरी ऑर्डर येते, ह्या वेळी दोन्ही बाजूंना खिसे लावा म्हणून. कधी ब्लाऊज तयार होतो आणि तिच्या घरचं कुणी तरी कळवतं, की आता नको. असे काही ब्लाऊज घरात पडून आहेत. ते उसवायला माझा हात होत नाही.

आणि आजची ही ऑर्डर. नाव वाचलं, पत्ता वाचला, पुन्हा वाचला. गल्ली आपली, घर आपल्या भिंतीला भिंत लावून असलेलं. मालनमावशी!

"इतकी वर्सं कापड कोंबत आल्ये. एका बाजूनं वर चढतंय. पाकीट माझ्याच हातात द्या, सुनंला देऊ नका." तिला काय माहीत, वाचणारी भिंतीपलीकडं बसलीय! मापंही तिनं एकटीनंच घेतलीत. एकटीनं टेप धरला की तो पाठीवरून घसरतो. माप चुकलंय, हे मला बघताक्षणी कळलं.

मालनमावशीचे ब्लाऊज जन्मभर तूच शिवलेस. मग तिनं एकाएकी शिवायला टाकायचे बंद केले. तुला केवढं लागलं होतं ते! "माझ्या हातात काय खोट काढली गं तिनं?" दोघींचं बोलणं तुटलं. खोट तुझ्या हातात नव्हती, आई. तू टेप घेऊन जवळ आली असतीस, तर तुला कळलं असतं. तुझ्या ऑपरेशनच्या आधीच ती त्यातून गेली होती.

आणि तो हॉस्पिटलचा दिवस! आपण ऑपरेशननंतरच्या तपासणीला गेलो होतो. व्हरांड्यात समोर मालनमावशी. तिनं आपल्याला पाहिलं, डोक्यावर पदर ओढला आणि उलट्या पावली वळली. तू माझा हात धरून मला थेट रिक्षात बसवलंस. "कुणाला तरी भेटाय आली असंल. आता गल्लीभर सांगत सुटंल बया." नंबर जवळ आला होता आपला! त्यानंतर तू पुन्हा गेली नाहीस. हॉस्पिटलचे फोन आले की कट करायचीस. मी रडले, भांडले. "मी बरी हाय" एवढंच तुझं उत्तर. पाठ दुखायला लागली तेव्हा कॅन्सर हाडापर्यंत पोचला होता.

ती तुला घाबरून पळाली आणि तू तिला. विहारात मात्र दोघी पांढऱ्या साड्या नेसून एकाच रांगेत बसायचात. एकीनं तरी तोंड उघडायचं होतं ना गं! इतकी कसली लाज? चोरी केली होती का कुणी?

मावशी पुढच्या तपासण्यांना गेली का, मला माहीत नाही. त्या दिवशी तीही तशीच परत फिरली होती, एवढंच मी पाहिलंय. सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय.

तेव्हा मी काय करणार, ते ऐक. तिचा ब्लाऊज आज माझ्या अंदाजाच्या मापानं शिवते आणि कुरिअरलाच देते. तो कुठल्या तरी गोडाऊनला जाऊन, हिंडून फिरून शेजारच्या दारात येईल. येऊ दे. तिनं विश्वासानं मागितलंय, मी कोण ते तिला कधी कळणार नाही.

पण उद्या दुपारी, सून कामावर गेली की, मी तिच्याकडं जाऊन बसणार आहे. ऑर्डरचं अवाक्षर काढणार नाही. तुझं सांगणार आहे. काय कापलं होतं ते, मोहरीची उशी, आपण रिक्षातून पळालो ते, आणि पुढं तुझं काय झालं ते. ऐकून ती बोलली, तर तिला घेऊन मी हॉस्पिटलात जाईन. नाही बोलली, तर परवा पुन्हा जाऊन बसेन.

रागावशील? खुशाल रागाव. तिचं गुपित मी जिवापाड जपेन, आई. तुझं मात्र आता जपणार नाही.

तुझी,
वैशू