टाकीतलं पाणी

४ मार्च
आबांनी सकाळीच जाहीर केलं — जीप जिवंत करायची! अकरा वर्षं शेडमध्ये गंजत उभी आहे. "रंग मी देईन, गंज काढायचं यंत्र तू निवड, मास्तरीण." घरात वाचता येणारी मी एकटी. औषधाच्या बाटलीपासून विजेच्या बिलापर्यंत सगळं माझ्याकडे, आता सँडब्लास्टरही!

नेमणुकीचं पत्र काल आलं. नोकरीचं गाव तेरा तासांच्या प्रवासाएवढं लांब. एकतीसच्या आत कळवायचंय. घरी अजून बोलले नाही. मी गेले तर यांचं वाचणार कोण?

६ मार्च
समजलं! निदान समजल्यासारखं वाटतंय. ब्लास्टरच्या भांड्यात रेतीचे कण भरायचे, कॉम्प्रेसरची हवा ते नळीच्या तोंडातून गंजावर मारते. सगळे म्हणतात हवेची टाकी मोठी घ्या. पण टाकी म्हणजे पिंप आणि कॉम्प्रेसर म्हणजे नळ. नळच करंगळीएवढा असेल तर पिंप हत्तीएवढं असून काय उपयोग? दोन मिनिटांत खडखडाट. बघायचं ते मिनिटाला किती हवा मिळते.

आईला समजावलं. म्हणाली, "एवढंच ना? मग तोंड एवढंसं का केलंयस?"

८ मार्च
दुकान. दुकानदार टाकीवर थाप मारून म्हणाला, "ताई, डोळे मिटून न्या!"

"मिनिटाला हवा किती देतो?"

"भरपूर!"

"भरपूर म्हणजे किती?"

त्याने पट्टीवरचा आकडा दाखवला, बारा घनफूट. मी म्हटलं, हा पिस्टनचा आकडा, टाकीत प्रत्यक्ष पडते ती हवा सांगा. (आवाज कापत होता. पण म्हटलं!) तो आबांकडे वळला. "काका, मुलगी काय करते?"

"घाबरते," आबा म्हणाले. "पण घाबरत घाबरत बरोबर निघते."

शेवटी बाजूचा, तीन अश्वशक्तीचा ठरला. टाकी लहान, पण हवा खरी नऊ. दोन मिलिमीटरच्या तोंडाला सात लागते. आपल्या घरच्या विजेवर चालेल.

९ मार्च
तीनदा पडताळलं. तिन्ही वेळा सातच. तरी उद्या चौथ्यांदा बघणार.

१६ मार्च
आला! आबांनी टेम्पोतून असा उतरवून घेतला, जणू घरी जावई आलाय.

दाबलेल्या हवेतली वाफ टाकीत पाणी होऊन साचते, ते रोज काढावं लागतं. टाकीवर चिठ्ठी चिकटवली — "रोज पाणी काढा." आबा हसले. "हवेत पाणी! शिकलीस म्हणून काहीही सांगशील?" तासभर चालवून संध्याकाळी खालचा कॉक फिरवला आणि चुळूक चुळूक गढूळ पाणी! आबा लहान मुलासारखे उकिडवे बसून बघत राहिले. मग चिठ्ठीवर बोट ठेवलं. "यातलं 'पाणी' कुठलं?"

दाखवलं.

१७ मार्च
फजिती! हुड, मास्क, हातमोजे, सगळा जामानिमा. बटण दाबलं — फुस्स. नळीतून एक कण बाहेर येईना. तोंड साफ केलं, जोडण्या सोडल्या, पुन्हा बसवल्या. तीन तास! आबा एकेक पाना हातात देत राहिले. मनात पक्कं झालं — माझा आकडा चुकला.

मग आई चहा घेऊन आली. म्हणाली, "त्या लाल रेतीत किती धूळ होती गं! काल चार पाण्यांनी धुतली. सकाळी उन्हात पसरून भरून ठेवली."

मी भांड्यात हात घातला, कण ओले! मग आबा जे हसत सुटले, ते थेट जमिनीवर बसले. आई म्हणे, "घाण तशीच वापरणार होतात होय?"

रेतीच्या पोत्यावर बोटभर अक्षरांत लिहिलंय, ओलाव्यापासून जपा. वाचता येणारी मी, आणि मीच मोठ्याने वाचलं नाही. मी नसले तर रोज असंच.

पत्र कॉम्प्रेसरच्या माहितीपुस्तिकेत सरकवलंय. तिथे कोण बघतंय!

२१ मार्च
निघालं!! कोरडे कण भरले आणि डाव्या दारावरून गंज असा उडाला, जसा पाटीवरून खडू. आत रुपेरी, कोवळा पत्रा. हवा कमी पडली नाही. नऊ म्हणजे नऊ! आबांनी हुड काढला, सगळा चेहरा लाल, फक्त हसू पांढरं. "मास्तरीण, म्हातारीला दात आले बघ!"

आईला रेतीला हात लावायची बंदी. ती म्हणते, तेवढंच एक काम कमी झालं.

२४ मार्च
आबा एकटेच दुकानात गेले, नवी नळी आणायला. मापासाठी माहितीपुस्तिका घेऊन! मी दाराशीच बसून राहिले. परत आले तेव्हा पत्र जागच्या जागी. त्यांना काय कळणार म्हणा. हे लिहिलं आणि लाज वाटली.

जेवताना आबांनी विचारलं, "जॅकमधला 'ज' कसा काढतात गं?" ताटाच्या कडेला बोटाने काढून दाखवला. त्यांनी पाच वेळा गिरवला. आई ओरडली, "वरण निवतंय!"

२८ मार्च
बोनेटही स्वच्छ. आबा शीळ घालत होते.

नकार लिहिला. पाकीट बंद केलं. उद्या टाकते. पत्रा रुपेरी झालाय, घरात सगळे हसतायत, इतकं पुरे.

२९ मार्च
पाकीट घेऊन निघाले. शेडवरून जाताना दिसलं — नेमणुकीचं पत्र टाकीवर, उडू नये म्हणून वर पाना. आई म्हणाली, "त्यांनी नळी आणायला गेले तेव्हाच दुकानदाराकडून वाचून घेतलंय. मला म्हणाले, तू गप्प बस."

टाकीवर खडूने, माझ्या चिठ्ठीच्या अगदी खाली, वाकडंतिकडं, शेवटचा शब्द अर्धाच —

जा. पाणी मी काढ